आठ तास उलटं पाणी

रुचिता तांडेल पहिल्या वर्षी नापास झाली ती एका होडीमुळे.

होडी खरी नव्हती. नौदलाच्या अग्निवीर भरतीची ऑनलाइन परीक्षा होती. शंभर प्रश्न, साठ मिनिटं, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. त्यातल्या गणिताच्या भागात ती होडी होती. स्थिर पाण्यात ताशी आठ किलोमीटर जाते, प्रवाहाचा वेग ताशी दोन किलोमीटर. आठ तास प्रवाहाविरुद्ध गेली तर किती अंतर कापेल?

शेजारच्या संगणकावरच्या पोराने उत्तरावर टिचकी मारली आणि तो पुढे गेला. रुचिता थांबली. ती भाईंदरच्या खाडीकाठच्या मोरवा गावची. नऊ वर्षांची असल्यापासून आजाच्या होडीत बसून खाडीत गेलेली. ओहोटी सहा तास, भरती सहा तास, हे तिला शाळेत शिकावं लागलं नव्हतं. म्हणून तिने सरळ हिशेब केला. पहिले सहा तास पाणी उलटं, म्हणजे छत्तीस किलोमीटर. मग पाणी फिरणार, उरलेले दोन तास होडी पाण्याबरोबर धावणार, म्हणजे आणखी वीस. एकूण छप्पन्न.

पर्याय होते चाळीस, अठ्ठेचाळीस, चौसष्ट आणि ऐंशी.

तिने पुन्हा मांडलं. मग तिला आठवलं, की फिरण्याआधी पाणी अर्धा तास थबकतं. ते धरलं तर पंचावन्न आले. पंचावन्नही कुठे नव्हते. घड्याळाकडे पाहिलं तेव्हा अकरा मिनिटं गेली होती, आणि शेवटचे सोळा प्रश्न तिने पाहिलेच नाहीत.

घरी आली तेव्हा आजा, काशीनाथ तांडेल, ओटीवर जाळं विणत बसला होता. पंचाहत्तरीला टेकलेला, पण सुईत दोरा अजून बिनचष्म्याचा ओवायचा. तिने सगळा प्रश्न सांगितला. आजाने सुई जाळ्यातच ठेवली.

"आठ तास उलटं पानी? असली खाडी कुठं हाय?"

"परीक्षेत हाय."

"कोनी काढला ह्यो सवाल? त्याला बसव माज्या होडीत. सहा तासांनी पानी फिरलं न्हाय तं मिशी उतरवतो."

रुचिताची आई, उर्मिला, बाजारातून नुकतीच परतली होती. रिकामी टोपली धुता धुता तिने ऐकलं. "पेपर काढनारा थरथर कापत असंल तुमच्या मिशीला. पोर नापास झाली आनि हे खाडीची बाजू घेऊन भांडतात!"

"पोर न्हाय नापास झाली. पेपर नापास झाला," आजा म्हणाला.

हसण्यावारी गेलं खरं, पण रुचिताला ते हसण्यावारी नेता येईना. मोरव्यात मासळी बायकांची आणि होडी पुरुषांची. मासळी निवडायची, टोपलीत भरायची, भाईंदरच्या बाजारात मांडून बसायचं, ते बायकांनी. पण वल्हं पुरुषांच्या हातात. तिचे वडील उत्तनच्या मोठ्या बोटीवर आठ-आठ दिवस बाहेर असायचे. आजाला खाडीत जोडीला कुणी उरलं नाही, म्हणून त्याने नातीला होडीत घेतलं. पहिल्या वर्षी गाव बोललं, दुसऱ्या वर्षी बोलायचं थांबलं. पण आजानंतर ती होडी आपली राहणार नाही, हे तिला ठाऊक होतं. उत्तनच्या किनाऱ्यावरून कधीकधी दूरवर नौदलाची राखाडी जहाजं दिसायची. त्यांच्यावर मुली असतात, हे तिने बारावीत असताना वर्तमानपत्रात पहिल्यांदा वाचलं आणि तो कागद घडी करून दप्तरात ठेवला.

वयाची अट पाहिली तर आता एकच खेप उरली होती. उर्मिलाने स्पष्ट सांगितलं होतं, "ह्या खेपेला झालं तं झालं. न्हाय तं जेसल पार्कच्या मेडिकलवाल्याला मी सबद दिलाय. एक जूनपासून गल्ल्यामागं उभी राहायचं. एसी दुकान हाय, चिखल न्हाय, काय न्हाय."

रुचिताने मान हलवली होती. चिखल नाही, हेच तर तिचं दुःख होतं.

सरावासाठी ती स्टेशनरोडच्या दिपेशभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात जायची. आत तीन संगणक होते. अर्ध्या गावाचे फॉर्म दिपेशभाईंनी भरलेले, त्यामुळे कुणाचं आधारकार्ड कुठे अडकलंय हे त्यांना तोंडपाठ. रुचिताचं उत्तर तिसऱ्यांदा चुकलेलं पाहून ते खुर्ची सरकवत आले.

"रुचिताबेन, ही खाडी नाय, नदी हाय नदी! नदीचा पानी वन-वे असते. गया तो गया."

"माहीत आहे, दिपेशभाई."

"मग लिहीत का नाय?"

भूगोलाच्या पुस्तकात नदी तिने वाचली होती. सूत्रही पाठ होतं. पण प्रश्नात सहा तासांच्या पुढचा आकडा दिसला की हात आपोआप थांबायचे, पाणी फिरायची वाट बघत. कधी उत्तर चुकायचं, कधी बरोबर यायचं पण खात्री वाटायची नाही, मग दोनदा तपासून बघण्यात वेळ जायचा. डोक्याला कळलेलं हातांना पटत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने आजाला विचारलं, "आजा, तू नदी बघितलीस?"

आजाने बराच वेळ आठवलं. "गाडीतनं बघितली. पुलावरनं. उभं राहून बघितली न्हाय कदी."

"मी पण नाही."

"मंग चल, बघू. बघितल्याशिवाय कसं पटंल?"

कार्तिकातला भांगाचा दिवस त्याने निवडला. त्या दिवसांत भरती-ओहोटी मंद, जाळ्यात फारसं काही येत नाही. दोघं सकाळीच वसईहून एस.टी.ने वज्रेश्वरीला गेले. गावातली माणसं दरवर्षी देवीला येत, तानसा नदीत पाय धुत आणि आल्या गाडीने परत जात. नदी बघायला म्हणून कुणी आलं नव्हतं.

देवीचं दर्शन घेऊन आजा काठावर आला. एक बांबूची काठी त्याने पाण्याच्या कडेला रोवली, जिथवर पाणी होतं तिथे सुरीने खूण केली. मग करंजाचं पान तोडून प्रवाहात सोडलं. पान डावीकडे निघून गेलं.

"नऊ वाजले," रुचिता म्हणाली.

"बसू."

थोड्या वेळाने धुणं घेऊन आलेल्या दोन बायका त्यांच्याकडे बघायला लागल्या. एकीने न राहवून विचारलं, "आजोबा, कुनाची वाट बघताय?"

"पानी फिरायची."

बाई हसत सुटली. "मंग मुक्कामच करा तुमी!"

आजा चिडला नाही. दुपारी दोघांनी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. दर तासाला आजा एक पान सोडायचा. दर पान डावीकडे जायचं. काठीवरची खूण होती तिथेच. तीन वाजता, सहा तास पुरे झाले तेव्हा, तो उठून उभा राहिला; दोन्ही हात कमरेवर, तोंड पाण्याच्या उताराकडे. खाडीत पाणी फिरायच्या वेळी तो असाच उभा राहायचा, आणि पाणी त्याचं ऐकल्यासारखं फिरायचं.

काही झालं नाही.

साडेतीन झाले, चार झाले. धुण्याच्या बायका केव्हाच गेल्या होत्या. पाच वाजता आजाने शेवटचं पान सोडलं आणि ते वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला.

"न्हाय फिरलं," तो हळूच म्हणाला. "ह्यांचं पानी जातं ते जातंच."

"हो."

"मंग वर जानारा मानूस काय करतो?"

"मारत राहतो वल्हं, आजा. पाण्याच्या उलट. आठ तास लागले तर आठ तास."

आजाने काठी उपटली, चिखल पुसला आणि खांद्यावर घेतली. एस.टी.त तो काठी मांडीवर घेऊन खिडकीशी बसला. वसई दिसायला लागली तेव्हा एकदम म्हणाला, "तरी बी, ज्यानं सवाल काढला त्यानं वल्हं धरलं नसंल कदी. आठ तासांत मानूस मरंल."

पण त्यानंतर रुचिताचे होडीचे प्रश्न चुकले नाहीत.

पुढच्या वर्षीचा फॉर्म निघाला. त्यात फोटोची अट होती, की उमेदवाराने छातीसमोर काळी पाटी धरावी, तिच्यावर खडूने इंग्रजीत स्वतःचं नाव आणि तारीख लिहिलेली असावी. आता पाटी कुणाच्या घरी असते? तांडेलांच्या घरी होती. दाराजवळच्या खिळ्याला ती रुचिताच्या जन्माआधीपासून टांगलेली. रोज सकाळी आजा तिच्यावर त्या दिवसाच्या पाण्याच्या वेळा लिहायचा. वेळा काढायची त्याची रीत त्याच्या बापाकडून आलेली होती. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ आली. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आपल्या खाडीत पाणी आत यायला वेळ लागतो म्हणून वर अर्धा तास. रुचिताला पाढ्यांच्या आधी पाऊणकी पाठ झाली होती, ती ह्या पाटीमुळे.

तिने पाटी पुसली, पिशवीत घातली आणि दुकानात नेली. दिपेशभाईंनी पांढऱ्या पडद्यासमोर तिला उभं केलं, फोटो काढला आणि संगणकावर मोठा करून बघितला.

"ये कोपऱ्यात काय लिहिलाय? साडेबारा?"

पाटीच्या वरच्या कोपऱ्यात कालच्या ओहोटीची वेळ पुसट उरली होती.

"ते आजाचं आहे. सुकतीची वेळ."

"पुसून टाक बेन! नेव्हीवाले बोलतील, ये तो फोटोमेंच बारा बजाके आयी."

तिने ओढणीने घासून पुसलं. दुसरा फोटो बरा आला. तरी नीट पाहिलं, तर खडूचा एक बाक तिथे होताच. दिपेशभाईंच्या नजरेतून तो सुटला आणि तिने सांगितलं नाही.

घरी आली तर आजा दारात, रिकाम्या खिळ्याकडे बघत उभा. तिने पाटी पुढे केली. त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं.

"माज्या पान्यावर तुजं नाव लिवलंस व्हय?"

"पुसते आता."

"राहू दे आजचा दिस. पानी माज्या ध्यानात हाय."

परीक्षा मे महिन्यात आली. केंद्र काशिमिऱ्याच्या पुढे, औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याच्या दुसऱ्या मजल्यावर. सकाळची पाळी. आजाने सोबत यायचा हट्ट धरला. त्या दिवशी पाणी चांगलं होतं, मासळी नक्की मिळाली असती. तरी त्याने होडी बांधून ठेवली. उर्मिला बाजाराला निघता निघता म्हणाली, "सवाल नीट वाच. आनि खाडीबिडी सोड डोक्यातनं." मग दोन पावलं जाऊन परत आली, लेकीच्या केसांतली क्लिप काढून पुन्हा नीट लावली आणि गेली.

फाटकाशी रांग होती. मीरा रोडच्या इमारतींतून आलेली मुलं, पालघरकडची मुलं, हिंदी, गुजराती, मराठी, सगळ्यांच्या हातात पारदर्शक पिशव्या. पहारेकरी म्हणाला, धातूचं काही आत न्यायचं नाही. रुचिताने बोटातली चांदीची अंगठी काढली आणि आजाच्या हातात दिली. त्याने मूठ मिटली.

आत गार होतं. संगणक सुरू झाला आणि पडद्यावर तिचाच चेहरा आला. छातीशी पाटी आणि पाटीच्या कोपऱ्यात तो खडूचा बाक. साडेबारातला राहिलेला. कसं कोण जाणे, तो बघून तिचे खांदे सैल झाले. आजाची एक वेळ तिच्याबरोबर आत आली होती.

घड्याळ सुरू झालं.

इंग्रजी तिचं कच्चं. येत होतं ते सोडवलं, येत नव्हतं ते मोकळं टाकलं. पाव गुण घालवायचा नाही, हे तिने ठरवलं होतं. मग विज्ञान. सर्वांत मोठी भरती कधी येते? ती मोठ्याने हसणारच होती. चारही पर्याय न वाचता तिने अमावास्या-पौर्णिमेवर टिचकी मारली. गणितात एका संख्येचे पंचाहत्तर टक्के काढायचे होते. पाऊणकीने ते प्रश्न संपायच्या आधी सांगून टाकलं. बोटं हलकी झाली. भरतीच्या पाण्यात होडी सोडली की वल्ह्याला फारसं काम उरत नाही, फक्त दिशा धरायची असते, तसं काहीतरी होत होतं. एकेक चौकोन हिरवा होत गेला. मागच्या वर्षी न पाहिलेले शेवटचे प्रश्न आले, तेही तिने पाहिले. सामान्यज्ञान संपलं.

घड्याळात तीन मिनिटं दहा सेकंद होती. तीन प्रश्न तिने मागे ठेवले होते. त्यात होडी होती.

एक नाव धारेच्या विरुद्ध बहात्तर किलोमीटर नऊ तासांत जाते आणि तेवढंच अंतर धारेबरोबर सहा तासांत परत येते. तर धारेचा वेग किती?

नऊ तास.

तिने कोऱ्या कागदावर नऊ लिहिलं आणि हात थांबला. सहावा तास आला होता. पाणी आता फिरेल, असं सगळ्या अंगाला वाटत होतं. मागच्या वर्षीची अकरा मिनिटं तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

मग तिला काठी दिसली. चिखलात रोवलेली, खूण तिथल्या तिथे. शेजारी कमरेवर हात ठेवून उभा असलेला आजा, आणि डावीकडे जाणारं पान. पाणी फिरत नव्हतं. साडेतीनला नाही, चारला नाही, पाचला नाही. होडीतला माणूस वल्हं मारत होता.

बहात्तर भागिले नऊ, आठ. बहात्तर भागिले सहा, बारा. फरक चार, त्याचा निम्मा दोन.

दोन होतं. तिसऱ्या पर्यायात. तिने टिचकी मारली आणि पुन्हा तपासून बघितलं नाही. उरलेल्या दोनपैकी एक सुटला, एक तिने मोकळा सोडला. घड्याळ शून्यावर आलं आणि पडदा आपोआप बंद झाला.

बाहेर चहाच्या टपरीशेजारी आजा उन्हात उभा होता. सावली चार पावलांवर होती, पण तिथून फाटक दिसत नव्हतं.

"आली होडी?"

"आली."

"किती तासांची?"

"नऊ."

"नऊ!" आजाने टपरीवाल्याकडे बघितलं, जणू त्यानेच पेपर काढला होता. "नऊ तास! आनि? फिरलं?"

"न्हाय फिरलं, आजा. नाहीच फिरू दिलं."

तो एवढ्या जोरात हसला, की रांगेतली पुढच्या पाळीची मुलं वळून बघायला लागली. मग त्याने मूठ उघडली. अंगठी तळहातात इतकी रुतली होती, की काढल्यावरही तिची गोल खूण राहिली.

निकाल लागला तो मे संपायच्या दोन दिवस आधी. रुचिता आणि आजा खाडीत होते; नुकतं जाळं वर घेतलेलं, चिंबोऱ्या दोऱ्यांना लटकलेल्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन वाजला. हात चिंबोऱ्यांत अडकलेले, म्हणून तिने कोपराने उचलला.

"पाटीवाली!" दिपेशभाई ओरडत होते. "पुढच्या राऊंडला बुलावा आलाय! माझ्या प्रिंटरचा कागद संपला, आता दुसरा भरतो, तू ये!"

ती होडीत उभी राहिली. "बस, उलटवशील," आजा म्हणाला, आणि स्वतःच उभा राहिला. होडी डुलली. दोघं एकदम खाली बसले.

बाजारात उर्मिलाला कळलं तेव्हा ती बोईट मासा कापत होती. तिने सुरी खाली ठेवली, शेजारणीला म्हणाली, "माज्या गिऱ्हाइकाला बघ गो जरा," आणि पदराने तोंड पुसत, उगाचच बाजाराचं एक टोक ते दुसरं टोक अशी चालून आली. मग जेसल पार्कला फोन लावला आणि मेडिकलवाल्याला सांगितलं, "भाऊ, दुसरी पोरगी बघा. आमची लेक जहाजावर जानार हाय. म्हंजे अजून धावायचं हाय, आनखी एक लेखी हाय, डॉक्टर तपासनार हायत. पन तुमी बघाच."

संध्याकाळी तिघं ओटीवर बसले. कागदावर पुढच्या फेरीची तारीख होती. आजाने पंचांग मागवलं, ती तारीख शोधली आणि पाटीवर सर्वांत वर खडूने लिहिली. खाली लिहिलं, पंचमी. मग थोडा वेळ ओठ हलले आणि त्याने आकडा मांडला, पावणेचार.

"आणि अर्धा तास?" रुचिताने विचारलं.

"तो आपल्या खाडीचा. तू थोडीच खाडीत असशील?" त्याने खडू खाली ठेवला. "पास झालीस तं पुढं कुठं नेनार?"

"ओडिशात. चिलिका म्हणून मोठं सरोवर आहे, त्याच्या काठाला ट्रेनिंग असतं."

आजाने बाहेर बघितलं. अंगणात जाळं वाळत होतं. नदीकाठी संध्याकाळी पाचला दिसला होता, तसाच त्याचा चेहरा झाला. उर्मिलाने तिकडे बघितलं आणि मुद्दाम चिंबोऱ्यांची टोपली ओढून घेतली.

"सरोवराचं पानी," आजाने जपून विचारलं, "जातं ते जातंच का?"

"नाही आजा. मी बघितलं नकाशात. ते समुद्राला जोडलेलं आहे. एक तोंड आहे त्याला."

"तोंड हाय?"

"हाय."

"मंग फिरत असंल," आजा म्हणाला. पाटी त्याने उचलली, खिळ्याला टांगली, सरळ लागली का ते दोन पावलं मागे येऊन बघितलं. "पन तो समुद्र दुसऱ्या अंगाचा. तिकडं पाऊनकी चालते का न्हाय, ते पयल्याच दिवशी बघून मना फोन कर."

"आणि नाही चालली तर?"

"तं किती चालतं ते काढ. आनि सांग मना. पाटीवर जागा हाय."